तुरुंगातल्या आरोग्यसेवेचा करार 'गोपनीय' म्हणून आमदारालाही नाकारता येतो का?

डिचोलीची_सून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मावसभाऊ अकरा महिने झाले कच्चा कैदी म्हणून शेजारच्या राज्यातल्या एका तुरुंगात आहे, कुठला ते लिहीत नाही कारण केस चालू आहे, आणि केसचं जे काय ते कोर्ट बघेल, मला त्यावर काही बोलायचं नाही. त्याला पंधरा वर्षं शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं. घरी असताना वहिनी साडेसातला इंजेक्शन द्यायची आणि आठला ताट समोर, यात कधी बदल नाही. आत काय होतं तर नर्स दुपारी चारला सगळ्या शुगरवाल्यांना रांगेत उभं करते, इंजेक्शन देते आणि निघून जाते कारण तिची ड्यूटी तेव्हा संपते, आणि जेवण मिळतं सहाला. मधले दोन तास हा माणूस घामाघूम होऊन हात थरथरत बसलेला असतो. आता तो सकाळची अर्धी चपाती आणि कँटीनमधून घेतलेला गूळ रुमालात बांधून ठेवतो. मागच्या मुलाकातीला त्याने तो रुमाल काचेला लावून दाखवला, निळ्या चौकड्यांचा, मावशीनेच दिलेला, तेलाने कडक झालेला. मावशी तिथे काही बोलली नाही, बाहेर येऊन बसस्टॉपवर रडली.

जेलच्या साहेबांना भेटलो, ते नीट बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले नर्स आमची नाही, एजन्सीची आहे, तास करारात ठरलेत, मी तिला रात्री आठपर्यंत थांब म्हणू शकत नाही. बरं, मग तो करार दाखवा, तर म्हणे गोपनीय. आरटीआय टाकला तर कलम ८(१)(डी) लावून नकार, कंपनीची व्यापारी माहिती म्हणे. नर्स किती वाजेपर्यंत थांबते यात व्यापारी गुपित कसलं आलंय मला अजून समजलेलं नाही.

तर माझे दोन प्रश्न. आम्हाला नाही दाखवलं ते एकवेळ बाजूला ठेवा, पण ज्या आमदारांनी त्या खात्याच्या पैशाला हात वर करून मंजुरी दिली त्यांना तरी असा करार बघायचा हक्क असतो की त्यांनाही हेच उत्तर मिळतं? आणि दुसरं, उद्या गोव्यात कोलवाळच्या तुरुंगात अशी सेवा बाहेर द्यायचं ठरलं तर आपल्या चाळीस आमदारांना काय विचारता येईल? आपल्याकडे आमदार जत्रेत नाहीतर लग्नात भेटतोच, विचारायला सोपं आहे, पण नेमकं काय विचारायचं तेच माहीत नाही.

म्हापशातला_वकील

ताई, आधी तुमच्या भावाचं, कारण ते जास्त घाईचं आहे. कराराच्या मागे लागाच, पण इन्सुलिनची वेळ हा मुळात कराराचा विषयच नाही. १८९४च्या तुरुंग कायद्यात कलम ३७ आहे, कैद्याने तब्येत बरी नाही सांगितलं की ते वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत विनाविलंब पोचवायचं, आणि कलम ३९, प्रत्येक तुरुंगात आजारी कैद्यांसाठी हॉस्पिटल किंवा योग्य जागा असलीच पाहिजे. काही राज्यांनी आता स्वतःचे नवे कायदे केलेत पण जबाबदारी सरकारचीच राहते, एजन्सीशी कागद केला म्हणून ती एजन्सीकडे जात नाही. वकिलाकडून ट्रायल कोर्टात अर्ज टाका, त्यात इंजेक्शनची वेळ, जेवणाची वेळ आणि मधे होणारा त्रास एवढंच लिहा, घरच्या डॉक्टरचं पत्र जोडा. न्यायाधीश जेलकडून रिपोर्ट मागवतात, आणि असा रिपोर्ट मागवला की घड्याळ बरंच हलतं असा माझा अनुभव आहे.

आता आरटीआय. ८(१)(डी) वाचलं तर नुसतं व्यापारी माहिती आहे म्हणून नकार देता येत नाही, ती उघड केल्याने त्या कंपनीच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल असं दिसलं पाहिजे, आणि तरीही मोठं जनहित असेल तर द्यावीच लागते. शिवाय कलम १० आहे, जो भाग खरंच गुप्त आहे तो झाकून बाकीचा द्यायचा. ड्यूटीचे तास झाकायचं मला तरी एकही कारण सुचत नाही. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्याच्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं, तारीख चुकवू नका. आणि एखाद्याच्या जीविताचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यायची असते, कलम ७(१). इन्सुलिनसाठी तो मुद्दा अर्जाच्या पहिल्याच ओळीत यायला हवा.

तुम्ही आमदारांचं विचारलंत म्हणून एक जुना निकाल सांगतो, तो बरोबर याच्याशी जोडलेला आहे. २००६ साली महाराष्ट्राचे त्यावेळचे मंत्री सुरूपसिंग नाईक यांना सुप्रीम कोर्टाने अवमानासाठी एक महिन्याची शिक्षा दिली आणि त्यातले बहुतेक दिवस ते जेजे हॉस्पिटलात होते. एकाने आरटीआयखाली त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने नाईक यांचा विरोध मान्य केला नाही, आणि आधार घेतला खासगी माहितीबद्दलच्या कलम ८(१)(जे)च्या शेवटच्या वाक्याचा, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. कोर्टाचं म्हणणं, तुरुंगाबद्दल विधिमंडळाने विचारलं असतं तर सरकार नाही म्हणू शकलं असतं का? नाही ना, मग या माणसालाही द्या. त्या खंडपीठात न्यायमूर्ती फेर्दिन रिबेलो होते, आपलेच गोव्याचे, आणि न्यायाधीश व्हायच्या कितीतरी आधी ते स्वतः आपल्या विधानसभेत आमदार होते. मला तो निकाल वाचताना ते नेहमी आठवतं.

वाईट एवढंच की ते वाक्य आता राहिलं नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने ८(१)(जे) बदललं आणि विधिमंडळाची ती ओळ काढून टाकली. पण नीट लक्षात घ्या, गेलं ते नागरिकाचं त्या ओळीवर उभं राहणं. विधिमंडळाचा स्वतःचा अधिकार आरटीआयमधून आलेलाच नव्हता, तो घटनेच्या कलम १९४ मधून येतो, तो जागच्या जागी आहे.

पर्वरी_रिटायर्ड

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी चालरीत सांगतो, विधिमंडळाच्या कामकाजात बरीच वर्षं गेलीत माझी.

आमदार एकटा आणि समिती यांत जमीन अस्मानाचा फरक आहे हे आधी डोक्यात ठेवा. एकट्या आमदाराने खात्याला पत्र लिहिलं, मला करार पाठवा, तर खातं पाठवेल किंवा नाही पाठवणार, त्याला तसा कसला हुकूम करता येत नाही. त्याचं हत्यार म्हणजे एलएक्यू, विधानसभेत विचारायचा प्रश्न. तारांकित टाकला तर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात पण दिवसाला थोडेच लागतात, अतारांकितचं उत्तर लेखी येतं आणि जोडपत्रात कागद लावावे लागतात. आपल्याकडे ही उत्तरं विधानसभेच्या वेबसाइटवर जोडपत्रांसकट मिळतात, कुणीही जाऊन बघा, तिथे काय काय सापडतं ते लोकांना माहीतच नाही.

'गोपनीय आहे' हे उत्तर चालतं का? लोकसभेच्या नियमांत असं आहे की कॅबिनेटमधली चर्चा, किंवा जी माहिती न देण्याचं घटनेचं, कायद्याचं किंवा प्रथेचं बंधन आहे ती प्रश्नातून मागता येत नाही. विधानसभांचे नियमही बरेचसे याच धर्तीवर आहेत. आता बघा, खात्याने आणि कंपनीने आपसात लिहून घेतलं की हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तर ते कायद्याचं बंधन झालं का? माझ्या मते मुळीच नाही. दोघांनी मिळून सही केली म्हणून तिसऱ्याचा, तेही विधिमंडळाचा, हक्क जात नाही. पण हे सभागृहात उठून कुणीतरी म्हणावं लागतं, आणि म्हणत नाहीत, उत्तर आलं की पुढच्या प्रश्नावर जातात.

समितीचं तसं नाही. लोकलेखा समिती, अंदाज समिती यांना माणसं, कागद, रेकॉर्ड बोलावता येतात. लोकसभेचा नियम २७० बघा, त्यात सरकारला नकार द्यायला एकच वाट आहे, कागद उघड होण्याने राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येईल हे कारण, आणि कागद विषयाशी संबंधित आहे की नाही यावर वाद झाला तर सभापतींचा निर्णय शेवटचा. कंपनीला आवडणार नाही हे कारण त्यात कुठेही नाही. लोकलेखा समितीचा अध्यक्ष प्रथेने विरोधी पक्षाचा असतो. आणि समितीची बैठक बंद दाराआड असते, अहवाल सभागृहात येईपर्यंत बाहेर काही जात नाही, म्हणून गोपनीय कागदाची खरी जागा तीच आहे. तिथे बसून वाचा, लागेल ते टिपून घ्या, खात्याच्या सचिवाला समोर बसवून विचारा.

समितीच्या हातात बहुतेक वेळा महालेखापालांचा (कॅगचा) अहवाल असतो, ते नसेल तर समिती कशावर प्रश्न विचारणार. १९७१च्या कायद्याच्या कलम १८ खाली ऑडिटवाले सरकारी कार्यालयाचे हिशेब आणि कागद मागवू शकतात. आणि २०१४ साली टेलिकॉम कंपन्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकारला उत्पन्नातला वाटा देणाऱ्या खासगी कंपन्यांचे हिशेबही महालेखापालांना तपासता येतात. तुरुंगाची केस तशीच्या तशी नाही, पण खासगी आहे म्हणून दार बंद असं म्हणायची सोय त्या निकालानंतर बरीच कमी झाली.

एक मात्र, गोव्याच्या आमदाराला बाजूच्या राज्यातल्या तुरुंगाबद्दल काही विचारता येणार नाही. तुरुंग हा राज्य सूचीतला विषय. तुमच्या भावासाठी तिथलाच आमदार गाठावा लागेल.

सत्तरीचो_रेवणकार

मी थोडा वेगळा बोलतो, राग मानू नका. सगळंच उघडं करा म्हणणं मला पटत नाही. तुरुंगाच्या करारात अँब्युलन्स कुठल्या गेटने येते, औषधांची खोली कुठे, रात्री आत किती माणूस, कैदी बाहेर न्यायचा तर कुठल्या रस्त्याने हे सगळं असू शकतं. ते वेबसाइटवर टाकलं तर उद्या कोण जबाबदार? आणि टेंडर चालू असताना एकाचा रेट दुसऱ्याला कळला तर सरकारचंच नुकसान.

म्हापशातला_वकील

रास्त आहे हो, आणि त्यासाठीच कलम १० आहे. गेट, खोली, रस्ता, कैद्यांची नावं आणि आजार झाका, टेंडर उघडेपर्यंत रेट झाका, माझा काही वाद नाही. पण टेंडर मिळून सही झाल्यावर, त्या रेटने सरकारी तिजोरीतून पैसे जायला लागल्यावर रेट लपवायचा कुणापासून? आणि तुम्ही सांगितलेली सगळी कारणं वेबसाइटवर टाकण्याविरुद्धची आहेत, समितीच्या बंद खोलीतल्या मोजक्या माणसांविरुद्धची नाहीत.

बाय_सिस्टर

मी नर्स होते, आता निवृत्त. एका सरकारी हॉस्पिटलात कैद्यांच्या वॉर्डात काही वर्षं काढली, त्यामुळे ताईंचा रुमाल वाचून काळजात चर्र झालं. आधी एक महत्त्वाचं, साधं इन्सुलिन दिल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. दोन तास म्हणजे शुगर खाली जाऊन माणूस झोपेत बेशुद्ध पडू शकतो आणि बराकीतल्यांना वाटतं झोपलाय. भावाला सांगा घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच गूळ खायचा आणि शेजारच्या दोघातिघांनाही सांगून ठेवायचं. डॉक्टरला विचारून इन्सुलिनचा प्रकार बदलता येतो का तेही बघा, दिवसातून एकदा घ्यायचं असतं तसं.

कराराचं मला कायद्यातलं कळत नाही, पण कागद कुठे माणसाला मारतो ते बघितलंय. एका म्हाताऱ्या कैद्याचा केसपेपर माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. सर्जरी ओपीडीची तारीख लिहिलेली, खोडलेली, खाली दुसरी, तीही खोडलेली, मग तिसरी. तिन्हीपुढे एकच शेरा, एस्कॉर्ट आला नाही. एकदा शिगमोचा बंदोबस्त होता, एकदा कोण मोठा माणूस येणार होता. चौथ्या वेळेला आला तेव्हा पाय काळा पडलेला. कुणालाच दोष द्यायला जागा नव्हती, जेलने चिठ्ठी लिहिली होती, आम्ही तारीख दिली होती, पोलिसांकडे माणूस नव्हता. म्हणून मला वाटतं की उद्या कंपनी आली आणि करारात असं लिहिलं की आमची जबाबदारी गेटपर्यंत, तर हा म्हातारा पुन्हा त्याच फटीत पडणार, आणि आता वर विचारायचीही सोय नाही कारण कागद गोपनीय. गोव्यात कैद्याला म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलला किंवा गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला, न्यायचं झालं तर गाडी आणि पोलीस लागतातच, तेव्हा आमदाराने विचारायचं ते हे, की तारीख दिली किती वेळा आणि गेला किती वेळा. त्याला करारही लागत नाही, रजिस्टर पुरे.

मेलबर्नहून_मांद्रेकर

उशिरा बघितला धागा. इथे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात हेच घडलंय. व्हेरोनिका नेल्सन नावाची ३७ वर्षांची आदिवासी बाई, दुकानातून वस्तू उचलल्याच्या संशयावरून ३० डिसेंबर २०१९ला पकडली आणि २ जानेवारी २०२०ला पहाटे तुरुंगाच्या कोठडीत मेली. रात्रभर इंटरकॉमवरून मदत मागत होती, त्याचं रेकॉर्डिंग पुढे चौकशीत ऐकवलं गेलं. तिथली वैद्यकीय सेवा करेक्ट केअर ऑस्ट्रेलेशिया या खासगी कंपनीकडे होती. जानेवारी २०२३ मध्ये कोरोनरने सांगितलं की हा मृत्यू टाळता आला असता, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून बायकांच्या तुरुंगांतली सेवा कंपनीकडून काढून सरकारी आरोग्य संस्थांकडे दिली. तीन वर्षं आणि एक जीव लागला त्याला, हे मी इथे राहून पाहिलंय.

अमेरिकेत तर हा केवढा मोठा धंदा आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी कंपनीला दर कैद्यामागे दर दिवशी ठरावीक रक्कम मिळते, मग कैद्याला बाहेरच्या हॉस्पिटलात पाठवलं तर तो खर्च कुणाचा हे करारात जसं लिहिलं असेल त्यावर ठरतं, आणि कंपनीचा असेल तर न पाठवण्यात तिचा फायदा. हे एक कलम वाचायला मिळालं तरी आमदाराला अर्धी गोष्ट कळेल. व्हरमाँट राज्यात कंपनीने आपण खासगी आहोत म्हणून कागद द्यायला नकार दिला होता, तर २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुम्ही सरकारच्या वतीने कैद्यांना सेवा देत होतात, तेव्हा त्या कामाचे कागद लोकांना द्यावे लागतील. आणि कोरायझन नावाच्या मोठ्या कंपनीने स्वतःचे दोन तुकडे केले, कोर्टातल्या दाव्यांचा बोजा एका तुकड्यावर टाकला आणि तो तुकडा फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेला. कैद्यांचे, त्यांच्या घरच्यांचे दावे तिथेच अडकले. वेलपाथ या तशाच दुसऱ्या कंपनीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून गोव्यात कधी असं काही आलंच तर कंपनी बुडाली तर भरपाई कोण देणार हे आधी विचारून घ्या, सही झाल्यावर नाही.

डिचोलीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. काल रात्री मावशीला हे सगळं वाचून दाखवलं, बाय सिस्टर तुमचं दोनदा वाचायला लावलं तिने.

वकिलाला फोन झाला, सोमवारी अर्ज जातोय, घरच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. आरटीआयच्या पहिल्या अपिलाला अजून नऊ दिवस आहेत, त्यात आता अख्खा करार मागत नाही, नर्सच्या ड्यूटीचे तास, गैरहजर राहिल्यास दंड आहे का आणि आत्तापर्यंत किती दंड लावला एवढंच मागणार.

आमच्या आमदारांनाही भेटले, ते म्हणाले लिहून दे, पुढच्या अधिवेशनात अतारांकित टाकतो. तर मी असं लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा: 'कोलवाळच्या कारागृहात वैद्यकीय सेवेसाठी कुठलं मनुष्यबळ बाहेरच्या एजन्सीमार्फत घेतलं आहे का, असल्यास कराराची प्रत, नसल्यास तसा प्रस्ताव आहे का, गेल्या तीन वर्षांत कैद्यांना बाहेरच्या हॉस्पिटलच्या किती तारखा मिळाल्या, प्रत्यक्षात किती वेळा नेलं, न नेल्याची कारणं काय, आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत आत कोण असतं.'

पर्वरी_रिटायर्ड

चांगलं लिहिलंय. फक्त एकाचे दोन प्रश्न करा, करार वेगळा आणि हॉस्पिटलच्या तारखा वेगळ्या, नाहीतर एका भागाची माहिती जमवतोय म्हणून दोन्ही भागांचं उत्तर लांबतं. 'कराराची प्रत' याच्यापुढे 'सर्व परिशिष्टांसह आणि दुरुस्त्यांसह' घाला, तास आणि दंड तिथेच असतात, मुख्य कागदात नसतात.

डिचोलीची_सून

घातलं. गुरुवारी मुलाकात आहे, तेव्हा काय होतं ते इथेच लिहीन. मावशीने नवा रुमाल आणलाय.